अठ्ठ्याण्णवला उकळणारं पाणी आणि साडेचौदा हजारांची प्रयोगपेटी

सहावी ते आठवीच्या विज्ञानासाठी पत्र्याची एक निळी पेटी सांगलीतल्या शालेय साहित्याच्या दुकानात मिळते. किंमत साडेचौदा हजार, जीएसटी वेगळा. जत-आटपाडीकडे पोहोचवायचे पैसे आणखी वेगळे. झाकणावरच्या स्टिकरवर छापलंय: ‘अध्ययन निष्पत्ती १०० टक्के, कुतूहल १०० टक्के’. (अध्ययन निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला जे यायला हवं ते.) दोनशे टक्क्यांचा हा हिशेब तपासायचा म्हणून पेटीतली साठच्या साठ कार्डं चाळली आणि त्यातली निम्मीअधिक वर्गात, चाळीस मुलांच्या आठ गटांवर लावून पाहिली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. थोड्याफार फरकाने अशाच तीन-चार पेट्या बाजारात आहेत आणि त्यांच्या खोडीही सारख्याच आहेत.

आधी माल पाहू. पट्टीचुंबकांच्या आठ जोड्या, होकायंत्रं पाच, लोहकीस १०० ग्रॅम, २६ गेज जाडीची, इनॅमलचा थर दिलेली तांब्याची तार, पेन्सिल सेलचे होल्डर, अडीच व्होल्टचे वीस बल्ब, एलईडी पन्नास, मगरचिमटे लावलेल्या वायरी चोवीस, छोट्या डीसी मोटारी आठ, १० सेंमी नाभीय अंतराची बहिर्गोल भिंगं आठ, सपाट आरसे, परीक्षानळ्या चोवीस, चार स्पिरिटचे दिवे, लाल द्रवाचे तापमापी आठ, ५०० ग्रॅमचे स्प्रिंग काटे आठ, कप्प्या, लिटमस कागद आणि दोन स्टॉपवॉच. भिंगं खरोखर चांगली आहेत. खिडकीसमोर धरली की भिंतीवर झाडाची उलटी प्रतिमा लख्ख पडते, कडांना धूसर होत नाही. स्प्रिंग काटेही सच्चे निघाले. दुकानातल्या मापाने तपासले तर ५००ला पाच-दहा ग्रॅमच्या आतबाहेर. परीक्षानळ्या मात्र साध्या काचेच्या आहेत, दिव्यावर धरल्या की चौथी-पाचवी तडकते. ज्या कराडशेजारी ओगलेवाडीची काच घराघरात गेली, त्याच मुलखात ही काच विकली जाते याचं वाईट वाटतं. तापवायच्या प्रयोगांसाठी बोरोसिलिकेटच्या सहा नळ्या वेगळ्या घ्या.

पण पेटी विकत घेणारा वस्तूंसाठी घेत नाही, कार्डांसाठी घेतो. वस्तू सुट्याही मिळतात. म्हणून मुद्दा कार्डांचा.

कार्ड क्रमांक १७ हे सगळ्या पेटीचं चरित्र सांगतं. शीर्षक ‘पाण्याचा उत्कलनबिंदू मोजणे’. दर्शनी बाजूला, पहिल्याच ओळीत: ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते.’ त्याखाली कृती. चंचुपात्रात १०० मिली पाणी, स्पिरिटचा दिवा, दर मिनिटाला तापमान, तक्ता. दहा-बारा मिनिटांत पाणी खळखळायला लागतं आणि लाल रेघ अठ्ठ्याण्णवच्या आसपास जाऊन बसते ती हलत नाही. मग गटागटातून तेच ऐकू येतं: “बाई, ह्यो अठ्ठ्याण्णवच्या म्होरं जाईनाच की!” बाई म्हणतात थांब जरा, उकळू दे. आणखी तीन मिनिटं उकळतं, पाणी कमी होतं, रेघ तिथेच. शेवटी तास संपत आलेला असतो, आणि फळ्यावर १०० लिहिलं जातं. चाळीस वह्यांत १००.

मुलांचा आकडा बरोबर होता. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. उंची वाढली की हवेचा दाब घटतो, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू ढोबळमानाने एक अंशाने उतरतो. म्हणजे सांगलीत तो ९८.२च्या जवळ, साताऱ्यात ७४० मीटरवर साडेसत्त्याण्णवच्या थोडा वर, आणि महाबळेश्वरला १,३५० मीटरवर साडेपंचाण्णवच्या घरात. शंभर हा आकडा खोटा नाही. तो समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. कार्डाने ती अटच गाळली.

इथे घाईने ‘पाठांतर वाईट, शोध चांगला’ असं म्हणायचा मोह होतो, तो टाळावा. कारण शंभर हा आकडा पाठ नसता तर अठ्ठ्याण्णवचं कोणाला काही वाटलंच नसतं. नुसतं ‘मोजा आणि पाहा’ म्हणून सोडलं असतं तर मुलांनी ९८ लिहून वही मिटली असती. प्रश्न पडला तो अपेक्षेला तडा गेल्यामुळे, आणि ती अपेक्षा पुस्तकातून आली होती. म्हणून ठरलेलं ज्ञान आधी, नेमकं आणि त्याच्या अटीसकट द्यावं. मग मोजमाप करू द्यावं. आणि दोन्ही जुळले नाहीत तर मोजमाप खोडू नये. पेटीचं कार्ड पहिली पायरी अर्धवट देतं आणि तिसरी मोडून टाकतं.

हे कार्ड सुधारायला पैसे लागत नाहीत. पहिल्या ओळीत ‘समुद्रसपाटीच्या दाबाला’ एवढे शब्द हाताने लिहा. मग उकळण्याआधी आठही तापमापी बर्फात तपासा: बर्फाचा चुरा गच्च भरलेला पेला, त्यात चुरा जेमतेम भिजेल एवढं पाणी, तापमापीचा फुगा मधोमध, दोन मिनिटं. आमच्या हाती आलेल्या आठपैकी पाच शून्यावर थांबले, दोन एकवर, आणि एक उणे दोनवर. ही तपासणी नसेल तर अठ्ठ्याण्णव हा उंचीचा परिणाम की तापमापीचा दोष, हे सांगताच येत नाही, आणि मुलं पहिल्यांदा तोच आक्षेप घेतात, तो रास्तही आहे. प्रत्येक तापमापीला चिंधीच्या चिकटपट्टीवर त्याची चूक लिहून टाका, ‘+१’, ‘−२’, आणि वाचनातून ती वजा करायला लावा. ऋण संख्यांची वजाबाकी सातवीत याहून चांगली कुठे भेटणार?

आणखी दोन ठिकाणी गडबड होते. फुगा भांड्याच्या तळाला टेकला तर वाचन वाढतं, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. पाण्यातून बाहेर काढून वाचलं तर क्षणात दोन-तीन अंश उतरतं. तापमापी स्टँडला दोऱ्याने टांगलेली हवी, हातात नको. पेटीत स्टँड दोनच आहेत, ही कमतरता मोठी. दोन विटा आणि वर आडवी लाकडी पट्टी चालते.

मग मुलांचे प्रश्न येतात, त्यातला एक हमखास मिठाचा: “मीठ टाकलं की लवकर उकळतं ना?” घरोघरी ऐकलेली गोष्ट. चिमूटभर मिठाने तापमापीवर काहीच दिसत नाही, आणि ‘काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. १०० मिली पाण्यात ३० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू पाचेक अंशांनी वर जातो, म्हणजे सांगलीत १०३च्या आसपास. १० ग्रॅमला पावणेदोन अंश. लवकर नाही, उशिरा उकळतं. प्रमाण किती घेतलं हे सांगितल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही, ही गोष्ट या एका प्रयोगात जितकी पक्की बसते तितकी व्याख्येने बसत नाही. सहल महाबळेश्वरला जाणार असेल तर एक तपासलेला तापमापी बरोबर न्या. सांगली आणि सातारा यांच्यातला अर्धा-पाऊण अंशाचा फरक या जाड तापमापीवर दिसणार नाही. महाबळेश्वरचा पावणेतीन अंशांचा दिसतो.

विद्युतचुंबकाचं कार्ड, क्रमांक ३१, आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठासाठी. खिळ्यावर २०, ४०, ६० वेढे घाला, किती टाचण्या उचलल्या ते लिहा. निष्कर्ष छापलेला: ‘वेढे वाढले की चुंबकत्व वाढते.’ प्रत्यक्षात आठपैकी तीन गटांना ६० वेढ्यांना ४०पेक्षा कमी टाचण्या मिळाल्या. यंत्र बिघडलं नव्हतं. तीन इंची खिळ्यावर साठ वेढ्यांना तार एक मीटरही लागत नाही, आणि २६ गेजच्या एवढ्या तारेचा रोध एक दशांश ओहमच्या आतबाहेर असतो. म्हणजे सेल जवळजवळ शॉर्ट झालेला. तार गरम होते, सेल तापतो, आणि तिसऱ्या वाचनापर्यंत तो दमलेला असतो. वेढे वाढत गेले तसा सेल उतरत गेला. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या.

उपाय दोन आहेत. झटपट उपाय असा की जोडणी पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायची नाही, आणि ६० झाल्यावर पुन्हा २० वेढ्यांवर यायचं. पहिल्या वीसला सात टाचण्या आणि शेवटच्या वीसला चार आल्या, तर सेल उतरला हे मुलांना सांगावं लागत नाही. दुसरा उपाय जास्त चांगला: दोन सेल घ्या आणि अडीच व्होल्टचा बल्ब एकसरीत जोडा. बल्ब धारेला आवर घालतो. टाचण्या कमी उचलल्या जातात, म्हणून वेढे ५०, १००, १५० करा. पण आकडे तीनदा मोजले तरी जवळपास तेच येतात. बल्ब मंद झाला तर सेल बदलायचा, तीच खूण.

तारेच्या दोन्ही टोकांचा इनॅमलचा थर दोन सेंमी तरी पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो, तांब्याचा लालसर रंग उघडा पडेपर्यंत. कार्डावर याचा उल्लेख नाही, आणि ‘चालत नाही’ अशा तक्रारींपैकी निम्म्यांचं मूळ एवढंच असतं. खिळा साधा बांधकामाचा घ्या. काँक्रीटमध्ये मारायचा कडक पोलादी खिळा एकदा चुंबक झाला की सेल काढल्यावरही टाचण्या धरून ठेवतो आणि पुढची सगळी वाचनं बिघडवतो. (दोन्ही खिळे शेजारी ठेवून हा फरक मुद्दाम दाखवावा, क्रेनला कोणता लोखंडी गाभा हवा ते मुलंच सांगतात.) तार संपली तर रिफिलची वाट पाहू नका. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणारं दुकान प्रत्येक मोठ्या गावात आहे. तिथे गेज सांगितला की उरलेली वायंडिंग वायर तोळ्यामासाने मिळते, आणि ज्या मुलाने तिथे मोटार उघडलेली पाहिली, त्याला ‘वेढे कशाला’ हा प्रश्न पुन्हा शिकवावा लागत नाही.

एलईडीचं तर थेट नुकसान आहे. कार्ड सांगतं दोन पेन्सिल सेलना लाल एलईडी जोडा. तीन व्होल्ट सरळ लावले तर लाल एलईडीला ते जास्त होतात, त्याला जेमतेम दोन लागतात; ताज्या अल्कलाईन सेलवर काही मिनिटांत जातो. १०० ओहमचा रोधक मध्ये हवा. तो पेटीत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शेकड्याने किरकोळ पैशांत मिळतो. एवढी साधी वस्तू गाळून पन्नास एलईडी देण्यामागे विचार कोणता, कळत नाही.

हळदीच्या पट्टीने आम्लारी ओळखायचं कार्ड मात्र सांगलीत तरी असं असायला नको होतं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, सगळ्या मुलांना ऐकून माहीत, आणि कार्ड म्हणतं: ‘हळदीचे पाणी तयार करा.’ हळदीतलं कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही. पाणी पिवळं दिसतं ते पूड तरंगत असल्यामुळे, आणि कागदावर ते डागडाग पडतं. योग्य रीत अशी: १० ग्रॅम हळद पूड ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवायची, वरचा निवळ अर्क दुसऱ्या बशीत ओतायचा, गाळणकागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या त्यात बुडवून सावलीत सुकवायच्या. एवढ्यात शंभरेक पट्ट्या सहज होतात. हे काम चालू असताना वर्गात एकही दिवा पेटलेला नको, स्पिरिटची वाफ दूरवरूनही पेट घेते.

चुन्याच्या निवळीत पट्टी लालभडक होते, धुण्याच्या सोड्यात आणि साबणातही. खाण्याच्या सोड्यात मात्र काठावरचा तपकिरी रंग येतो किंवा येतच नाही, कारण तो आम्लारी असला तरी सौम्य. इथे मुलांत वाद होतो आणि तो होऊ द्यावा. लिंबात, व्हिनेगरमध्ये, साध्या पाण्यात पट्टी पिवळीच राहते. आणि कार्डाचा मोठा घोटाळा इथेच: तक्त्यात दोनच रकाने आहेत, ‘आम्लारी’ आणि ‘आम्लारी नाही’, पण शेवटचा प्रश्न आहे ‘यांपैकी आम्ले कोणती?’ हळदीवरून ते ओळखताच येत नाही. लिंबू आणि पाणी तिला सारखंच. दुसरा दर्शक, म्हणजे रंग बदलून ओळख पटवणारा पदार्थ लागतो, आणि तो जास्वंदीचा: चार-पाच लाल फुलांच्या पाकळ्या अर्धी वाटी कोमट पाण्यात चोळल्या की जांभळट रस निघतो, तो आम्लात गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. हळद आणि जास्वंद शेजारी ठेवून ‘कोण काय सांगू शकतं आणि काय नाही’ असा तक्ता केला तर आठवीचा ‘आम्ल, आम्लारी ओळख’ हा पाठ दोन तासांत पुरा होतो, शिवाय दर्शक म्हणजे काय हे आयुष्यभर विसरत नाही. कुंकवाचा रंग हळदीत चुना कालवून आणायची जुनी पद्धत होती. हे सांगावं, पण प्रयोग झाल्यावर. आधी सांगितलं की पट्टी लाल होण्यातली मजा जाते.

आता सर्जनशीलतेकडे येऊ, कारण स्टिकरवरचे दुसरे शंभर टक्के तिथले. साठपैकी सहा कार्डं पिवळी आहेत, ‘कल्पनेला पंख’ नावाची. मजकूर साधारण असा: ‘पेटीतील साहित्य वापरून नवीन यंत्र तयार करा व त्याला नाव द्या.’ एवढंच. मोजमाप नाही, अट नाही, कशासाठी तेही नाही. निकाल सांगण्याची गरज नाही: आठपैकी सहा गटांनी मोटारीला कागदाची पाती लावून पंखा केला, उरलेल्या दोघांनी पहिल्या सहांचं पाहून केला. मुलांत कल्पना नव्हती असं नाही. मोकळं रान दिलं की जो तो ओळखीच्या पायवाटेनेच जातो.

याच्या जागी हे करून पाहा. सहावीचा ‘साधी यंत्रे’ हा पाठ झाल्यावर प्रत्येक गटाला ५०० ग्रॅम वाळूची पिशवी, एक स्प्रिंग काटा, दोन कप्प्या, मीटरभर दोरा, ६० सेंमीची फळी, फूटपट्टी आणि तीन गोल पेन्सिली द्यायच्या. काम: पिशवी ३० सेंमी उंच न्यायची, काट्यावर ३०० ग्रॅमच्या वर वाचन जाता कामा नये. वेळ २५ मिनिटं. आधी पाच मिनिटांत तीन प्रश्न तोंडी: टेकू, भार, बल कुठे, एका स्थिर कप्पीने बल कमी होतं का, उतरण लांब केली की काय होतं. ज्या गटाला ही तीन उत्तरं येत नाहीत तो गट पुढची वीस मिनिटं नुसता धडपडतो. येतात तो गट खरा प्रयोग करतो.

स्थिर कप्पीवाले ५००च्या खाली येत नाहीत आणि चक्रावतात. दिशा बदलली, बल तेच राहिलं. उतरणवाले आत्मविश्वासाने येतात: फळी ६० सेंमी, उंची ३०, म्हणजे निम्मं, २५०. काटा दाखवतो चारशेच्या वर. घर्षण हिशेबात धरलेलं नसतं. मग कोणीतरी पिशवीखाली पेन्सिली घालतं आणि काटा झपकन उतरतो. चल कप्पीवाल्यांचं, म्हणजे कप्पी पिशवीलाच बांधणाऱ्यांचं गणित सर्वांत सरस: कप्पीचं ३० ग्रॅम वजन धरून ५३० भागिले २, म्हणजे २६५, थोडं घर्षण, २८०-२९०. जेमतेम बसतं. तीनशेचा आकडा त्यासाठीच निवडला आहे. चारशे दिला असता तर फारसा विचार न करताही जमलं असतं, अडीचशे दिला असता तर कप्पीवाल्यांनाही जमलं नसतं. मर्यादा कुठे आखायची यावर शिक्षकाचं सगळं कौशल्य आहे, आणि पेटी बनवणाऱ्याने नेमकं तेच काम टाळलं.

आलेखाच्या कार्डात दिल्लीचं महिनावार तापमान दिलंय. ते काढून पावसाळ्यात सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची रोजची पाणीपातळी घ्या. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, या दोन आडव्या रेघा आधी आखून घ्या. आलेख वाचायला कोणाला सांगावं लागत नाही.

शिक्षकपुस्तिकेबद्दल थोडं. तीत कोणतं कार्ड कोणत्या अध्ययन निष्पत्तीला लागू, याचा मोठा तक्ता आहे, आणि केंद्रप्रमुख आले की तो दाखवायला छान आहे. बारकाईने पाहिलं तर बहुतेक कार्डं ‘ओळखतो’, ‘फरक सांगतो’, ‘वर्गीकरण करतो’ या रकान्यांत आहेत. एनसीईआरटीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्पत्तींत विज्ञानासाठी स्वतः पडलेल्या प्रश्नांची उत्तरं साध्या तपासण्यांतून शोधणं आणि उपलब्ध साधनांतून रचना करण्यातली सर्जनशीलता यांचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे अभ्यासक्रम एकीकडे आणि शोध दुसरीकडे असं भांडण मुळात कागदावर नाहीच. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमातही कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकण्याचा उल्लेख आहे. भांडण आहे ते पस्तीस मिनिटांच्या तासिकेशी. साहित्य वाटायला सहा मिनिटं, गोळा करायला सात, हजेरी-वह्या यांत चार; प्रयोगाला उरतात अठरा. पुस्तिकेने प्रत्येक कार्डाला ‘एक तासिका’ लिहिलंय, ते कोणी वर्गात करून पाहिलेलं दिसत नाही. आठवड्यातून एक जोडतास वेळापत्रकात बसवला तरच ही पेटी वापरात राहते, नाहीतर कपाटावर चढते.

कार्डांच्या पाठीमागचे पाच-पाच बहुपर्यायी प्रश्न मात्र चांगले आहेत, हे मोकळेपणी सांगायला हवं. पर्याय विचार करून दिलेत, मुलं ज्या चुका खरंच करतात त्याच पर्यायांत आहेत. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत शालेय क्षमता चाचणीच्या ९० गुणांत विज्ञानाचे ३५ असतात, आणि पालक पहिल्यांदा तेच विचारतात. या प्रश्नांनी ती तयारी होते. आमचा सल्ला एवढाच की प्रश्न प्रयोगाआधी एकदा आणि नंतर एकदा सोडवून घ्या, दोन वेगळ्या रंगांच्या शाईत. कुठलं उत्तर बदललं ते आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत ‘प्रयोग/प्रात्यक्षिक’खाली लिहायला आयतं मिळतं, ‘सहभाग चांगला’ असं मोघम लिहावं लागत नाही.

आणि दर्शनी बाजूवर छापलेले निष्कर्ष? साठपैकी सदतीस कार्डांवर आहेत. त्यावर जाड कागदाची पट्टी वरच्या कडेला चिकटवून झडप करा. मुलं पट्टीवर पेन्सिलीने अंदाज लिहितात, प्रयोग करतात, मग झडप उचलतात. एका दुपारी सगळी कार्डं होतात.

निगा राखण्यात पेटी सर्वांत कच्ची. चुंबक सुटे, एकमेकांवर कसेही टाकलेले. असे ठेवले तर वर्षभरात मंदावतात. जोडीतले दोन शेजारी, विरुद्ध ध्रुव एका बाजूला, दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी, मधे लाकडाची चिप, असे बांधून ठेवा. होकायंत्रं त्यांच्यापासून दूर, वेगळ्या डब्यात; आमच्या पाचपैकी दोन उलटी दिशा दाखवत होती. लोहकीस पावसाळ्यात गंजून गोळा होतो, तो मिठाच्या बरणीसारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात हवा. सेल प्रत्येक वेळी होल्डरमधून बाहेर काढायचे. आतल्या यादीचा कागद झाकणाला चिकटवलेला नाही, सुटा आहे, तो पहिल्या आठवड्यात हरवतो. त्याची आधी झेरॉक्स काढून झाकणात आतून डकवा आणि प्रत्येक ट्रेच्या तळाशी वस्तूंचे आकार पेनने गिरवून घ्या. काय कमी आहे ते मग पाचवीचं पोरगंही सांगतं.

घ्यावी का? एकतीस ते शंभर पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान मिळतं. त्यातच स्वच्छतेचा दहा टक्के वाटा, खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती. साडेचौदा हजार म्हणजे त्यातले निम्म्याहून जास्त. एवढ्या शाळेने ही पेटी घेऊ नये. भिंगं, स्प्रिंग काटे, तापमापी, बोरोसिलिकेट नळ्या आणि बल्ब-होल्डर सुटे घ्यावेत. बाकी हळद, जास्वंद, खिळे, वायंडिंग वायर, वाळू गावात आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकातल्या ‘करून पहा’च्या चौकटी कार्डांचं काम बऱ्यापैकी करतात. दीडशे-दोनशे पटाच्या, विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक असलेल्या माध्यमिक शाळेला पेटी परवडते आणि उपयोगी पडते, झडपा लावायची तयारी असेल तर.

घेतलीच तर मार्चअखेरीला अनुदान संपवायच्या गडबडीत घेऊ नका. तेव्हा आलेला लिटमस उन्हाळाभर बंद वर्गात पडून राहतो आणि जूनच्या दमट हवेत निळा-लाल ओळखू येईनासा होतो. रिफिलचं पाकीट वेगळं, बाराशेचं आहे. त्यात लिटमस, बल्ब, सेल आणि पुन्हा तेच एलईडी. दुकानदाराला एलईडीच्या बदली तापमापी मागा, दोन-तीन वेळा म्हटलं की देतात. आणि तापमापी घेताना दुकानातच आठही शेजारी धरून पाहा: हवेचं तापमान सगळ्यांवर एकच दिसलं पाहिजे. एखादा तीन अंशांनी वेगळा असेल तर तो तिथेच परत.